ओहोटीतली फंडाची सभा

"मी म्हणतो, आहे तिथं सुखात आहे ना पैसा? मग राहू दे की पडून! कुणाच्या पोटात दुखतंय?"

"बाबा, हळू. खालचा दोरवाला दुकानाबाहेर येऊन वर बघतोय."

"बघू दे! त्याचा काय फंड आहे?"

"फंड नाही, पण कान आहेत त्याला."

"हे बघ शिट्टे, आज हात वर करायची वेळ आली की माझा हात खाली. आणि तुझाही खालीच. एका घरातून दोन मतं जायची नाहीत."

"घर एक असेल, खाती दोन आहेत. तुम्ही वर्षअखेरीला नोकरीतून सुटाल. मला अजून उभा जन्म त्या तिकिटाच्या खिडकीत काढायचाय."

"म्हणून बापाचं म्हातारपण नेऊन पुलाला टांगणार?"

"आणि तुमचं म्हातारपण सांभाळायला माझं मोडून खायचं?"

आईने दोघांच्या मधे चहाचे कप आदळले. "दोघंही म्हातारे व्हायच्या आत प्या. निवायला लागलाय."

दोराच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला सगळा धक्का 'भोंगा' म्हणायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जाई, तेवढंच. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, बकऱ्या आणि पिठाची पोती नेणारी जी मोठी बोट होती, तिच्या पोटात, मशीनपाशी, हा माणूस आयुष्यभर उभा राहिला. वर सुकाणूवर सारंग उभा. त्याला खाडी दिसायची, आभाळ दिसायचं, पोरीबाळी दिसायच्या. याला खाली दिसायचं ते तेल. मशीन असं गरजायचं की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर गुरं हाकल्यासारखं ओरडावं लागे. तो आवाज एकदा वर चढला तो पुन्हा उतरलाच नाही. घरी जेवताना तो "मीठ दे" म्हणाला की वाटायचं, कुठंतरी आग लागली. पोरगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारातून त्याने विचारलं, "पोरगा का पोरगी?" तर वरच्या मजल्यावरच्या कुणा भलत्याच बाईने खिडकीतून उत्तर दिलं, "पोरगा!" दोन तास हा पोरगा समजून पेढे वाटल्यासारखा हसत फिरत होता.

पोरगीचा आवाज बारीक आणि धारदार निघाला. तिकिटाच्या खिडकीत बसायला लागली आणि हमालांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं. भोंग्याच्या घरी शिट्टीच व्हायची, असं म्हणत.

हा मूळचा वरच्या मुलखातला. पाण्याशी संबंध विहिरीपुरता. पोहायला आजही येत नाही. बोटीवर नोकरी करून पोहता न येणारा हा एकटाच, आणि त्याची त्याला लाजही नाही. "मी बोट बुडू देत नाही, मग पोहायचं कशाला?" म्हणतो. नोकरीला लागला तेव्हा एका म्हाताऱ्या मशीनवाल्याच्या हाताखाली तेल पुसायला होता. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी त्याचा कान धरून त्याला एका पितळी नळीपाशी नेलं. ही नळी वर सारंगाच्या तोंडापासून खाली मशीनवाल्याच्या कानापर्यंत येते. "वरून शब्द आला," म्हातारा म्हणाला, "की आधी तो जसाच्या तसा परत वर पाठवायचा. मग मशीनच्या दांड्याला हात लावायचा. वरून 'हळू मागे' आलं, तर तूही म्हणायचं 'हळू मागे'. आपलं डोकं त्यात घालायचं नाही."

"आणि हुकूम चुकीचा असला तर?"

"तरी तोच परत पाठवायचा. त्यासाठीच तर पाठवायचा."

याला ते कळलं नाही. कळलं ते पुढे एकदा, धुक्याच्या दिवसांत. वरून सारंग म्हणाला, "पूर्ण पुढे." याच्या अंदाजाने धक्का जवळ आला होता. पण रीत ती रीत. त्याने नळीत तोंड घालून सांगितलं, "पूर्ण पुढे!" मग सारंगाचा घाबरा आवाज: "अरे नाही, नाही, पूर्ण मागे!" स्वतःच्या तोंडून निघालेला हुकूम सारंगाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, तेव्हा कुठे त्याला तो ऐकू आला. त्या दिवसापासून भोंग्याने या रीतीला कधी दगा दिला नाही. बाकी कशाचा नाही, पण याचा त्याला गर्व होता. 'माझ्या नळीतून शब्द कधी वाकडा गेला नाही,' हे तो बायकोला इतक्यांदा सांगायचा की ती त्याच्याआधी म्हणून मोकळी व्हायची.

तर त्या वर्षी सगळ्या देशाला एकच खाज सुटली होती: फंड. सरकारला पूल बांधायचे होते, रेल्वे न्यायची होती, बंदरं खोल करायची होती, आणि खिशात दमडी नव्हती. आणि इकडे कामगारांचे पेन्शनचे फंड भरलेले. कुणाच्या तरी डोक्यात आलं, हा पैसा देशातच कामाला का लावू नये? टोलातून, भाड्यातून तो वाढून फंडात परत येईल. झालं. रेडिओवर भांडण, पेपरात भांडण. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं उठून बोलायला लागली आणि न्हावी वस्तरा घेऊन मधे पडायला लागला, तेव्हा दुकानात 'इथे फंडावर बोलू नये' अशी पाटी लागली. एक म्हणे, देश उभा राहील. दुसरा म्हणे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. शेवटी कायदा असा निघाला की ज्या फंडाचा पैसा, त्याच्या सभासदांनी उघड सभेत हात वर केल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही.

धक्क्यावरच्या लोकांच्या नशिबी आला तो पूलच. याच खाडीवरचा. म्हणजे बोटवाल्यांच्या पैशाने बोट बंद पाडणारा पूल! ऐकून माणसं आधी हसली, मग चिडली, मग रोज त्यावरच बोलायला लागली.

भोंग्याला बोटीची काळजी नव्हती. पूल होईपर्यंत तो घरी बसलेला असणार होता. पोरीलाही नव्हती. "पुलावर टोलची खिडकी असेलच की. खिडकी ती खिडकी," ती म्हणायची. भोंग्याला काळजी होती ती 'सरकारच्या दाता'ची. खाडीच्या मधोमध सिमेंटचा एक एकटा खांब उभा होता. कधीकाळी असाच एक पूल बांधायला घेतला होता, तो एका खांबावर थांबला. कंत्राटदार गेला, मंत्री गेला, खांब राहिला. त्यावर पक्षी बसायचे आणि वरून खालपर्यंत त्याला पांढरा करून टाकायचे. लोक त्याला सरकारचा दात म्हणत. भोंग्याची सगळी बोटीवरची वर्षं त्या दाताला वळसा घालण्यात गेली होती. आता त्याच तोंडात आपलं पेन्शन घालायचं? त्याचा बेत ठरलेला होता. सुटलं की वरच्या मुलखात, जिथं पाण्याचा थेंब दिसणार नाही, अशा भावाच्या जागेत कोंबड्या पाळायच्या. बायको म्हणायची, "तुमचा आवाज ऐकून अंडी आतच फुटतील."

सभा ठेवली होती दुपारच्या ओहोटीत. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, बोट चालत नाही, सगळे रिकामे. फंडाच्या कचेरीतल्या बाई शेवटच्या बोटीने पलीकडून आल्या. काखेत कागदांची गुंडाळी, पायांत चिखल. मागे बोट बंद झाली आणि सारंग हसत म्हणाला, "बाई, आता पाणी चढेपर्यंत तुम्ही आमच्या. पळायला वाट नाही."

"पळायला आलेच नाही मी," बाई म्हणाल्या. पण मागे वळून त्यांनी चिखलाकडे बघितलं खरं.

प्रवाशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणूस माणसाला चिकटलेला. हमाल वजनकाट्यावर चढून बसलेले, क्रेनवाले खिडक्यांत, खलाशी पोत्यांवर. बायका एका बाजूच्या बाकांवर, त्यात नुसती ऐकायला आलेली भोंग्याची बायको पुढे. शिट्टी अगदी पहिल्या रांगेत. भोंगा मुद्दाम तिच्यापासून लांब, टेबलाच्या कडेला उभा. सभेचा अध्यक्ष म्हणून सारंगाला बसवलं होतं. हा सारंग म्हणजे भोंग्याच्या बायकोचा भाऊ. घरी तो याला दाजी म्हणायचा आणि बोटीवर नुसतं "खाली" म्हणायचा.

बाई माईकपाशी गेल्या. माईकने घशात काटा अडकलेल्या मांजरासारखा एक आवाज काढला आणि जीव सोडला. माईकवाल्याने त्याला टिचक्या मारल्या, फुंकर मारली, शेवटी शिव्या दिल्या. उपयोग शून्य. बाई तशाच बोलायला लागल्या. त्यांचा आवाज पहिल्या दोन रांगांत जिरायचा. मागून ओरडा सुरू झाला, "ऐकू येत नाही!" पुढचे ओरडले, "मग गप्प बसा!" पत्र्याखाली नुसता गलका. वजनकाट्यावरचा एक हमाल म्हणाला, "अरे भोंगा आहे की इथं!"

शेडभर हशा. सारंगाने टेबलावर हात मारला. "खरंच की! दाजी, या इकडे. बाई बोलतील तसं तुम्ही मोठ्यानं सांगायचं."

"मी? मी तर यांच्या विरोधात आहे!"

"भोंग्याला कुठली आली बाजू? या वर."

त्याला धरून एका लाकडी खोक्यावर चढवलं. बाईंनी त्याच्याकडे मान वर करून बघितलं. "जमेल ना?"

"जमेल!" तो म्हणाला आणि बाई दचकून मागे सरकल्या. शेवटच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुरुवात बरी झाली. बाईंनी नमस्कार केला, याने तो खाडीच्या पलीकडे पोचेल असा केला. मग बाई मुद्द्यावर आल्या. त्या साधं बोलत होत्या, आकडे फेकत नव्हत्या. म्हणाल्या, फंड विहिरीसारखा असतो. पूर्वी भरणारे जास्त होते, उपसणारे कमी. आता उलटं झालंय. आहे तसा ठेवला तर येत्या काही वर्षांत जे सुटतील, त्यांना त्यांचं पूर्ण मिळेल. पण जे हल्ली लागलेत, त्यांची पाळी येईल तेव्हा तळ दिसेल.

भोंग्याने छाती भरून घेतली. "बाई म्हणतात, फंड आहे तसा ठेवला तर आता सुटणाऱ्यांना पूर्ण मिळणार!"

आणि थांबला.

शेडमध्ये जल्लोष उसळला. "मग झालं की!" "घरी चला!" म्हातारे खलाशी एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. बाई हात हलवत काहीतरी सांगत होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण?

"पुढचं सांगा ना," त्या भोंग्याला म्हणाल्या.

"पुढचं काय, तेच ते. लांबण आहे."

पहिल्या रांगेतून शिट्टी वाजली. खरी नव्हे, पोरीची. "बाबा! मी इथं बसलेय! मी सगळं ऐकलंय! अर्धं गिळलंत तुम्ही!"

गलका थांबला. भोंगा म्हणाला, "तू गप्प बस."

सारंग खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा हसरा राहिला नव्हता. दाजी वगैरे सगळं सोडून तो बोटीवर म्हणायचा तसं म्हणाला, "खाली!"

भोंग्याची पाठ आपोआप ताठ झाली.

"वरून 'हळू मागे' आलं आणि तू नुसतं 'हळू' म्हणालास, तर काय होईल?"

भोंग्याने उत्तर पुटपुटलं.

"मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

"बोट धक्क्यावर जाईल."

"मग?"

माणसाची लाज दिसते कुठे, तर कानांवर. भोंग्याचे कान विटेसारखे झाले. माझ्या नळीतून शब्द कधी वाकडा गेला नाही, असं जन्मभर सांगत आलेला माणूस, आणि आज सगळ्या धक्क्यासमोर, बायकोसमोर, त्याने शब्द वाकडाही नव्हे, चक्क अर्धा कापून पाठवला होता. बायकांच्या बाकावरून बायकोचा आवाज आला, "आता परत सांगा. आणि पूर्ण सांगा."

त्याने सांगितलं. "बाई म्हणाल्या, आता सुटतील त्यांना पूर्ण मिळेल. आणि," त्याने पोरीकडे बघितलं आणि लगेच नजर वर पत्र्याला लावली, "जे हल्ली लागलेत, त्यांची पाळी येईल तेव्हा तळ दिसेल!"

ते शब्द पत्र्यावर आपटून परत आले. मागे पोत्यांवर बसलेली तरणी पोरं एकदम उठून उभी राहिली. सकाळी घरात पोरीने हेच सांगितलं होतं. गेले कित्येक महिने ती हेच सांगत होती. पण ते तिच्या तोंडून आलं होतं, आणि तिच्या तोंडून आलेलं सगळं त्याला आजवर पोरीचं बोलणं वाटायचं. आता ते त्याच्याच तोंडून निघालं होतं. आपला शब्द नाकारायचा कसा?

मग सभा पेटली. असली सभा त्या शेडने कधी बघितली नव्हती. इकडून प्रश्न, तिकडून प्रश्न, भोंगा मधे उभा, बाईंचं मागे पोचवतोय, मागच्यांचं बाईंना सांगतोय. बाईंना मागचं तसंही ऐकू येत होतं, पण आता रीतच पडली होती. कुणी बोललं की सगळे भोंग्याकडे बघत, आणि त्याच्या तोंडून आल्याशिवाय ते बोलणं झालं असं कुणी मानायला तयार नव्हतं. कुणी मधेच उत्तर द्यायला उठला की वजनकाट्यावरचे ओरडत, "आधी परत पाठव!"

शिट्टी उभी राहिली. "आत्ता आपला पैसा आहे कुठं?"

"आत्ता आपला पैसा आहे कुठं?" भोंग्याने ठोकून दिलं.

बाईंनी कागद चाळले. काही सरकारी रोख्यांत, काही बँकेत, काही परदेशात. परदेशात कुठे? बाईंनी आणखी एक कागद उलटला. मग खरं तेच बोलल्या. भोंग्याने ते ऐकलं आणि खोक्यावरून वाकून तो बाईंच्या कागदात बघायला लागला.

"काय झालं दाजी?" सारंगाने विचारलं.

"बाई म्हणतात," भोंगा म्हणाला, "आपला काही पैसा परदेशातल्या एका पुलात आहे."

मग असा हशा फुटला की वजनकाट्याचा काटा हलायला लागला. एक म्हातारा खलाशी डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे आपण आधीच एक पूल बांधून बसलोय!"

"आणि तिथला बोटवाला?" दुसरा ओरडला. "त्याला घरी बसवलं आपण!"

"तिथंही कुणी भोंगा असेल!"

"त्याला पत्र लिहा, चुकलं म्हणावं!"

सगळे हसत होते. भोंगा मात्र खोक्यावर उभा राहून विचार करत होता की हा बाबा कोण असेल, त्याच्या मशीनचं काय झालं असेल. आपण इतकी वर्षं पगारातून थोडं थोडं कापू देत होतो, ते तिकडे एकेक खांब होऊन उभं राहत होतं, आणि आपल्याला पत्ताच नाही. पडून राहू दे म्हणत होतो. पडून कुठं होतं? पैसा तर कधीचाच परगावी नोकरीला लागला होता.

"परक्याच्या पुलात चालतो, आपल्या पुलात का नाही?" पोत्यांवरची पोरं गर्जायला लागली. हात वर जायला लागले. कुणी विचारलं नव्हतं तरी. वाऱ्याने शीड फुगावं तशी सभा फुगली, एका बाजूला झुकली.

"थांबा!" हा मात्र भोंग्याचा स्वतःचा शब्द होता. इतका मोठा, की बाहेर चिखलातले पक्षीसुद्धा उडाले. "बाई, एक माझं विचारतो. तो बाहेरचा खांब बघितलात का?"

"बोटीतून बघितला."

"हा पूल तसाच राहिला, तर?"

बाईंनी हे उत्तर बऱ्याच गावांत दिलेलं असणार. ते त्यांच्या तोंडातून मळलेल्या वाटेने आल्यासारखं सहज आलं. "काम रखडलं तर त्या काळापुरता जो तोटा येईल, तो फंडाला सोसावा लागेल. पण देशासाठी एवढी जोखीम आपण घ्यायला हवी."

भोंग्याने त्यात आपलं डोकं घातलं नाही. एक शब्द वाढवला नाही, एक गिळला नाही. तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि सांगितलं, "काम रखडलं तर जो तोटा येईल, तो फंडाला सोसावा लागेल! पण देशासाठी एवढी जोखीम आपण घ्यायला हवी!"

पत्र्याने ते दोनदा घोळवलं. तेलाने काळा झालेला शर्ट, लाकडी खोका, आणि त्यावरून 'आपण' हा शब्द. बाई भोंग्याकडे बघत राहिल्या. मग टेबलाला टेकल्या.

"पुन्हा एकदा म्हणता?" त्यांनी विचारलं.

त्याने पुन्हा म्हटलं. तसंच.

"हे असं ऐकू येतं होय," बाई हळूच म्हणाल्या. आणि भोंग्याला ते पोचवायचं की नाही कळेना, म्हणून त्याने तेही पोचवलं. "बाई म्हणतात, हे असं ऐकू येतं होय!"

या वेळी बाईच आधी हसल्या. मग त्यांनी कागदांची गुंडाळी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "देशासाठी जोखीम घ्यायची, तर ती देशानेही घ्यायला हवी. तुमचं म्हणणं तेच ना?"

भोंगा काही बोलायच्या आत शिट्टी बाकावर चढली. "मी मांडते! पैसा पुलात घालायचा. पण पूल रखडला तर तोटा सरकारने भरून द्यायचा, आणि हे आधी लिहून द्यायचं. लिहून आलं नाही, तर आजचं मत बाद. पैसा जिथल्या तिथं. वर मंत्र्यांना सांगा, आम्ही हात वर केला, पण तुमच्या हाताच्या बरोबर!"

तिच्या धारदार आवाजाला मागे पोचायला कुणाची गरज नव्हती. तरी सगळे भोंग्याकडे बघायला लागले. त्याने पोरीचं म्हणणं घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिने म्हटलं तसंच, आणि वजनकाट्याच्या पलीकडे फेकलं. म्हणताना त्याला जाणवलं, यात आपल्याला बोलायला जागाच राहिली नाही. दाताची भीती त्यात होती, तळाची भीतीही होती. सकाळपासून दोघं ज्या दोन टोकांना धरून ओढत होते, ती दोरी एकच निघाली.

"बाईंना विचार, असं मांडता येतं का?" सारंग म्हणाला.

"येतं," बाई म्हणाल्या. "वर आवडणार नाही. पण येतं."

"वर आवडणार नाही! पण येतं!"

"मग हात!" सारंगाने खुर्ची मागे सारली.

हातांचं रान उगवलं. म्हाताऱ्या खलाशांचे वाकडे, दोरांनी चिरलेले हात, पोरांचे, धक्क्यावर राबणाऱ्या बायकांचे. खाली राहिले ते थोडे, आणि त्यांनाही सारंगाने मोठ्याने विचारून घेतलं, विरोध लिहायला लावला. भोंगा खोक्यावरून "वर ठेवा, वर ठेवा!" ओरडत होता. स्वतःचे दोन्ही हात तोंडापाशी कर्ण्यासारखे धरलेले.

"आणि तुमचा?" बायकोने विचारलं.

"मी भोंगा आहे. भोंग्याला बाजू नसते. मघाशी तुझा भाऊच म्हणाला."

"पेन्शन तर आहे ना भोंग्याला?"

सगळे बघत होते. त्याने एक हात तोंडापासून सोडवला, जरा वेळ नुसता बाजूला धरला, जड वस्तू उचलावी तसा, आणि वर केला. शिट्टी त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाकावरून उतरायला चप्पल शोधत होती. किंवा शोधतेय असं दाखवत होती.

तेवढ्यात दारातला खलाशी ओरडला, "पाणी चढलं!" आणि बघता बघता सभेची पुन्हा रांग झाली. हमालांनी पोती उचलली, काल्यासारखी मिसळलेली माणसं तिकिटाच्या खिडकीकडे पळाली. खिडकी धाडकन उघडली.

भोंगा खिडकीसमोरून जाताना थांबला. "पूल झाला तर टोलच्या खिडकीत बसशील ना?"

"बसेन की."

"बापाकडून टोल घेशील?"

"भोंग्याला दुप्पट. आवाजाचा वेगळा." तिने मागच्याला तिकीट फाडून दिलं. "चला, बाबा, रांग अडली."

बोटीवर चढून तो खाली उतरला. मशीन थंड झालं होतं. त्याने तेल बघितलं, हात पुसले, दोनदा झटका दिल्यावर ते खोकलं आणि गरजायला लागलं. वरच्या झडपेतून बाईंचं डोकं आत डोकावलं. त्या काहीतरी विचारत होत्या.

"काय?" तो ओरडला.

"म्हटलं, आणखी पुष्कळ गावं आहेत!" बाईही आता ओरडायला शिकल्या होत्या. "माईक सगळीकडेच बिघडतो! याल का?"

"आणि ही कोण चालवणार?" त्याने मशीनवर थाप मारली. "बाई, ती हमी नाही आली तर?"

"तर तुमचं मत बाद! पैसा हलणार नाही! मीच अडवीन!"

"मीच अडवीन!" त्याने परत पाठवलं. बाईंनी मान डोलावली आणि डोकं काढून घेतलं.

नळीतून आवाज आला. "खाली! वर एक चहा!"

"वर एक चहा!" भोंगा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

वर सारंग हसला असावा. नळीतून ते हसू पितळी होऊन खाली आलं. मग दोर सुटल्याचा धक्का बसला, आणि नळीतला आवाज बदलला.

"हळू मागे."

"हळू मागे," तो म्हणाला, आणि दांडा ओढला.